पाटावर न उमटलेले खूर

किण्, किण्, किण्!

हर्मानो, म्हणजे 'बंधू', तिबुर्सिओने कमरेची पितळी घंटा तीनदा हलवली आणि चॅपेलच्या अंगणात जमलेली शंभर-सव्वाशे माणसं एकदम गप्प झाली. तान्ही पोरंसुद्धा. सफरचंदाच्या झाडांमागून पाच डुकरं बाहेर आली. काळसर करडी, राठ केसांची, गळ्याभोवती पांढरट पट्टा. सगळ्यांत मोठीचा डावा कान फाटलेला. इकडेतिकडे न बघता ती थेट सान आंतोनच्या लाकडी मूर्तीपुढे आली आणि पुढचे पाय दुमडून गुडघ्यांवर टेकली. पाचच्या पाच! माना खाली, नाकं चौरंगाच्या झालरीत.

"आवे मारिया!" गावातल्या क्लेओफासबाईने छातीवर हात मारून घेतला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघा, हर्मानोस, डोळे भरून बघा!" तिबुर्सिओचा आवाज चढला. "तुम्ही रविवारी गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसून राहता. आणि ही मुकी जनावरं! त्यांना कुणी शिकवलं? कुठल्या शाळेत गेली होती ती?"

तेवढ्यात वास आला. कुजकट, उग्र, डोक्यात जाणारा. पुढच्या रांगेतल्या चारपाच जणांचे हात नाकाकडे गेले.

"नाक धरू नका!" तिबुर्सिओ कडाडला. "हा डुकरांचा वास नाही. ही तुमची पापं बाहेर पडताहेत. ज्याने नाक धरलं, त्याचं पाप आतच राहिलं!"

हात पटापट खाली आले. सगळं गाव पापाचा वास छातीभरून घेऊ लागलं.

अंगणाच्या टोकाला, फावड्यावर हनुवटी टेकून, ओनेसिमो उभा होता. त्याने नाक धरलं होतं. वय अडुसष्ट, गेली बावीस वर्षं गावच्या पाटाचा पाटकरी. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जायचं हे तो ठरवायचा, आणि त्याच्या शब्दावर गावात कुणी शंका घेत नसे. हाच त्याचा मान होता, आणि ह्या आठवड्यात त्याच मानाने त्याचा गळा धरला होता.

कारण ही डुकरं आभाळातून उतरली, ह्याचा पुरावा म्हणून सगळे त्याच्याचकडे बोट दाखवत होते.

झालं होतं असं. रिंकोन आल्तो ह्या डोंगरातल्या गावच्या सान आंतोनच्या पायाशी पूर्वी एक लाकडी डुक्कर असायचं. हातात घंटा, पायाशी डुक्कर, असाच तो संत सगळीकडे असतो. एकवीस वर्षांपूर्वीच्या पुरात चॅपेलमध्ये कमरेइतकं पाणी आलं आणि ते डुक्कर वाहून गेलं. नवं करू या म्हटलं की म्हाताऱ्या अडवायच्या. "परत येईल ते. त्याचा धनी इथे आहे ना." एकवीस वर्षं मूर्तीच्या पायाशी नुसतं खुंटीचं भोक होतं.

मग गेल्या महिन्यात हा तिबुर्सिओ आला. काळा झगा, दाढी, कमरेला घंटा, बंद पडलेल्या लाकडाच्या गिरणीत मुक्काम. दुखऱ्या सांध्यांना तेल लावून द्यायचा. अंगणात मूर्तीसाठी त्याने स्वतःच्या हाताने नवा चौरंग करून दिला, खाली भरजरी झालर लावून. आणि पुढच्याच मंगळवारी सकाळी अंगणात पाच डुकरं!

ओनेसिमोने बघताक्षणी ओळखली. तरुणपणी दोन हंगाम तो खाली दक्षिणेत, वाळवंटाच्या कडेला, कापूस वेचायला गेला होता. "अरे, ह्या हावेलिना," तो म्हणाला. "वाळवंटातल्या रानडुकरांची जात. इथे बर्फात ह्यांचं काय काम? इथून तीनशे मैलांवर राहतात त्या."

"ऐकलंत?" तिबुर्सिओने ते वाक्य वरच्यावर झेललं. "वाळवंटातून! आणि आपला सान आंतोन कुठे तपाला बसला होता? वाळवंटात! ओनेसिमो, तुमच्या तोंडून संतच बोलला!"

पण ओनेसिमोने खरी माती खाल्ली ती त्यानंतर. क्लेओफासने विचारलं, "कुठून आल्या असतील हो? पाटावर खुणा असतील ना?"

प्रश्न रास्त होता. गावाच्या वरच्या अंगाला सबंध पाट वळसा घालून जातो, खालच्या अंगाला नदी. शनिवारीच सगळ्या गावाने मिळून तो साफ केला होता, दरवर्षीसारखा, घरटी एक फावडं. पाणी अजून सोडलेलं नव्हतं. तळाचा चिखल असा गुळगुळीत, की ससा गेला तरी चार बोटं उमटावीत. ओनेसिमो सबंध पाट चालून आला. दोन तास. परत येऊन, जे पाहिलं ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"एकही खूर नाही."

"नदीतून?"

"बर्फाचं पाणी आलंय. घोडा टिकणार नाही."

"मग पुलावरून?"

"पुलाच्या तोंडाशी खड्ड्यावर आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी आहे. खूर असलेलं जनावर तीवर पाय घालत नाही. घातलाच तर अडकून पडतं."

बस्स. पाटावरून नाही, नदीतून नाही, रस्त्यावरून नाही. मग राहिलं काय? सगळ्यांच्या माना हळूहळू वर आभाळाकडे वळल्या, आणि क्लेओफास ढसाढसा रडू लागली. दुसऱ्या दिवसापासून तिबुर्सिओ आपल्या प्रवचनात म्हणू लागला, "मी सांगत नाही, हर्मानोस. तुमचा पाटकरी सांगतो!"

ओनेसिमोच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बोललेला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी तो एका थापेचा साक्षीदार होऊन बसला होता.

*

बुधवारी बेलेनला डुक्कर चावलं.

बेलेन त्याची नात, सात वर्षांची. फाटक्या कानाच्या डुकरिणीला ती सफरचंद भरवायला गेली. ह्या जनावरांना दिसतं बेताचंच. सफरचंदाबरोबर पोरीचा तळहातही तोंडात गेला. खोलवर दोन दात लागले.

ओनेसिमो धावत तिच्या घरी पोचला तेव्हा त्याची मुलगी एर्मिंदा लेकीच्या हाताला तेल चोपडत होती. शेजारी तिबुर्सिओ, डोळे मिटून.

"अगं, साबणाने धुतलास का हात?"

"धुवायचं नाही, पापा. हर्मानोंनी सांगितलंय. संताच्या डुकराने तिला निवडलंय. नऊ दिवस हे तेल, आणि डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही."

"निवडलंय? चावलंय तिला!"

"संत ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्यावर खूण ठेवतो," तिबुर्सिओ डोळे न उघडता म्हणाला.

"तुझ्यावर नाही ठेवली ती? दाखव बघू कुठे आहे."

"पापा!" एर्मिंदा ओरडली.

त्याने पोरीला उचललं, मोरीत नेलं आणि पाण्याखाली हात धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतला. बेलेन रडत होती, एर्मिंदा दारात उभी राहून त्याला नाही नाही ते बोलत होती.

आरोग्य केंद्राची नर्स ओफेलिया आठवड्यातून एकदा गुरुवारी गावात यायची. तिने सगळं ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला.

"ओनेसिमो, धुतलंत ते फार बरं केलंत. पण तेवढ्याने भागत नाही. रेबीजची इंजेक्शनं आजच्या आज सुरू करायला हवीत. शहरातल्या हॉस्पिटलात आहेत."

"डुक्कर पिसाळलेलं दिसत नाही गं. खातंपितं, चालतंय नीट."

"दिसेपर्यंत थांबायचं? जनावर कुठलं, आधी कुठे होतं, त्याला कोल्हा चावला की वटवाघूळ, काही ठाऊक आहे तुम्हाला? नाही ना? हा रोग एकदा अंगात भिनून दिसायला लागला की मग पोर हाती लागत नाही. मी स्वतः पाहिलंय. पुन्हा बघायचं नाही मला. पण सही एर्मिंदाची लागेल."

एर्मिंदाने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "जानेवारीत माझा आमादेओ त्या हॉस्पिटलात आपल्या पायांनी चालत गेला होता. बाहेर कसा आला, आठवतंय ना पापा? माझ्या पोरीला मी तिथे नेणार नाही. ती डुकरं आभाळातून आलीत. तुम्हीच तर सांगितलंत!"

*

"तुम्हीच तर सांगितलंत." हे वाक्य चार तास त्याच्या डोक्यात घणासारखं वाजत राहिलं. जावई गेला तेव्हा तोही रडला होता, पण एर्मिंदाचं रडू कधी थांबलंच नव्हतं. तेच ह्या झगेवाल्याला सापडलं. रागाने त्याला काही सुचेना. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो फावडं घेऊन पुलाकडे गेला. जाळीखालचा खड्डा उपसायचा राहिला होता. त्यातलं पाणी पाटालाच मिळतं, त्यामुळे तेही पाटकऱ्याकडेच.

वरच्या नळ्या उचलून त्याने फावडं घातलं. चिखल, दगड, एक बाटली. मग पेंढा. मग लेंड्या. आणि लेंड्यांबरोबर पिवळट, चपट्या, वाळलेल्या शेंगा, मूठभर.

एक शेंग त्याने पुसली आणि दाताखाली धरली. गोडसर. चाळीस वर्षांनी तीच चव! मेस्कीत नावाच्या वाळवंटी बाभळीच्या शेंगा. कापसाच्या रानात जेवायला नसलं की ह्याच चघळायचे सगळे. आणि मेस्कीतचं एक झाडसुद्धा इथे डोंगरात नाही. थंडीने मरतं ते.

तो खड्ड्याच्या कडेवर बसला.

"खूर नळ्यांवरून जात नाही," तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. "अरे गाढवा ओनेसिमो! पण चाक जातं की!"

सोमवारी संध्याकाळी तिबुर्सिओची पिकअप गाडी ह्याच पुलावरून आली होती. मागे जनावरं न्यायचा पिंजरा, वर ताडपत्री. "तंबूचं सामान आहे," म्हणाला होता, आणि ओनेसिमोनेच त्याला हात हलवून वाट दिली होती. नळ्यांवर गाडी खडखडली, तेव्हा आतला पेंढा आणि शेंगा फटीतून खाली सांडल्या. त्याने सबंध पाट तपासला होता, नदी पाहिली होती. जो रस्ता तपासायचा राहिला त्यावरून माणसं येतात, म्हणून त्याला कधी शंकाच आली नव्हती.

शेंगा त्याने एर्मिंदाच्या खिडकीतून आत दाखवल्या.

"कुणीही टाकल्या असतील," ती म्हणाली. "आणि गाडीतून आल्या म्हणता, तर मग गुडघे टेकतात त्या का? तेही गाडीने शिकवलं?"

ह्याचाच विचार करत तो गोठ्यात गेला आणि सवयीने रिकाम्या बादलीवर काठी आपटली. कुरणाच्या पार टोकाला चरणाऱ्या त्याच्या चारही गाई मान वर करून धावत सुटल्या.

ओनेसिमो बादलीकडे बघत राहिला. मग गाईंकडे. मग हसायलाच लागला.

*

शुक्रवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. तिबुर्सिओने आज नवा खेळ मांडला होता. बेलेनला पांढरा झगा घालून मूर्तीशेजारी उभं केलं होतं, बांधलेला हात सगळ्यांना दिसेलसा, आणि दुसऱ्या हातात घंटा.

"आज घंटा मी वाजवणार नाही," तो म्हणाला. "संताची निवडलेली कन्या वाजवेल! मी कोण? मी धूळ!"

"मग धुळीने जरा बाजूला व्हावं," मागून ओनेसिमो म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्याच्यामागे, त्याने मुद्दाम बोलावून घेतलेली नर्स ओफेलिया. "मंडळी, मंगळवारी मी तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. पण अर्धंच. आज उरलेलं सांगायचंय. माझ्यावर बावीस वर्षं विश्वास ठेवलात, अजून दोन मिनिटं ठेवा."

"सैतानाला बोलू देऊ नका!" तिबुर्सिओ ओरडला.

"बोलू द्या त्याला," क्लेओफास म्हणाली. ती देवभोळी होती, पण पाटकऱ्याला गप्प बसवणं तिला पटलं नाही. "पाणी तो देतो आपल्याला."

ओनेसिमो सरळ सफरचंदाच्या झाडांमागे गेला. तिथे तिबुर्सिओची गाडी आणि पिंजरा उभा होता. त्याने ताडपत्री ओढून काढली, मागचं फळकूट धाडकन खाली पाडलं. लोक वळून बघू लागले.

"बेलेन, पोरी, इकडे ये. माझ्यापाशी ये."

"जाऊ नकोस!" तिबुर्सिओने तिचा खांदा धरला. बांधलेल्या हाताला धक्का बसला आणि पोरगी कळवळली.

एर्मिंदा एका झेपेत पुढे आली. "हात काढा तिच्यावरचा." आवाज बारीक होता, पण तिबुर्सिओने हात काढला. तिने वडिलांकडे बघितलं, रागानेच, आणि मग मुलीला कडेवर घेऊन ती स्वतः झाडांमागे आली.

"ग्राम्पो, काय करू?" बेलेनने आजोबाला विचारलं.

"घंटा वाजव. तो वाजवतो तशीच. तीनदा."

किण्, किण्, किण्!

झुडपांतून पाच डुकरं बाहेर पडली. डावीकडे मूर्ती होती, झालर होती, मेणबत्त्या होत्या, शेकडो भक्त होते. त्यातल्या एकाकडेही त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. घंटेच्या आवाजाकडे धावत आली, आणि फाटक्या कानाची पुढे, बाकीच्या मागे, टपाटप फळकुटावरून चढून पिंजऱ्यात गेली. आत कोपऱ्यात एक टोपलं होतं. त्यात तोंडं घालून कुडुमकुडुम खायला लागली. ओनेसिमोने वाकून टोपल्यातली मूठ भरली आणि सगळ्यांना दाखवली. मेस्कीतच्या शेंगा.

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझ्या गाई बादलीच्या आवाजाला येतात," ओनेसिमो म्हणाला. "त्या काय माझी प्रार्थना करतात? घंटा वाजली की जेवण, एवढंच ठाऊक आहे ह्यांना. आता गुडघ्यांचं बघायचंय? ओफेलिया, उचल ती झालर."

ओफेलियाने झालर वर केली. बुटक्या चौरंगाखाली, पार आतल्या बाजूला खिळवलेली एक पन्हाळ होती, मका आणि गूळपाकाने चिकट झालेली. उभ्याने तिथे नाक पोचत नव्हतं. पोचायचं तर गुडघे टेकायलाच हवेत.

"आणि वास?" क्लेओफासने हळूच विचारलं.

"पाठीवर ग्रंथी असते त्यांना. घाबरल्या की सुटतो. आपल्या पापाशी त्याचा काही संबंध नाही, क्लेओफासबाई. तुम्ही चार दिवस उगाच नाक उघडं ठेवलंत."

क्लेओफासने आधी तिबुर्सिओकडे पाहिलं, मग हातातला रुमाल नाकाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"हर्मानोस, श्रद्धेची परीक्षा असते ही..." तिबुर्सिओने सुरुवात केली. पण एर्मिंदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

"एवढंच सांगा," ती म्हणाली. "ह्या कुठून आणल्यात? कुणाकडून? त्यांना कधी काही चावलं होतं का? माझ्या मुलीच्या हातात त्यांचे दात गेलेत. मला खरं सांगा."

तिबुर्सिओ एक पाऊल मागे सरला. "मला... मला नाही माहीत. एकाकडून घेतल्या. तो म्हणाला माणसाळलेल्या आहेत."

"नाही माहीत." एर्मिंदाने मान हलवली. "आणि मला म्हणालात धुऊ नकोस."

ती वळली. "पापा, गाडी काढा."

पुलाच्या नळ्यांवरून गाडी खडखडत गेली तेव्हा एर्मिंदाने डोळे मिटून घेतले होते. हॉस्पिटलच्या दारात तिचे पाय अडले. ओनेसिमोने तिचा हात धरला, आणि बापलेक पोरीला घेऊन आत गेले. तिने सही केली.

*

तिबुर्सिओला शेरीफची माणसं घेऊन गेली. फाटक्या कानाच्या डुकरिणीला तपासणीसाठी मारावं लागलं. बेलेन तिच्यासाठी खूप रडली, आणि त्या बिचारीचा खरोखरच काही दोष नव्हता. पाच दिवसांनी प्रयोगशाळेचा निरोप आला. रेबीज नव्हता. इंजेक्शनं थांबवली.

पाटात पाणी सोडायच्या दिवशी सगळे वर बांधापाशी जमले, तेव्हा एक शहाणा म्हणालाच, "रोग नव्हताच ना शेवटी? म्हणजे त्या हर्मानोचं खरंच होतं म्हणायचं. उगाच सुया टोचल्या पोरीला."

ओनेसिमोने फावडं जमिनीत रोवलं. एवढा संतापलेला त्याला कुणी पाहिला नव्हता.

"खरं होतं? त्याला ठाऊक होतं का रोग नाही म्हणून? त्याने तुमच्यासमोर सांगितलं, 'मला माहीत नाही.' माहीत नसताना त्याने माझ्या नातीचा जीव पणाला लावला. चुकून वाचलो, ह्याला खरं ठरणं म्हणतात का? आणि त्याला एकट्याला कशाला बोलू? मी पाट तपासला, नदी तपासली, आणि उत्तर मिळेना म्हणून तुमच्याबरोबर आभाळाकडे बघत उभा राहिलो. रस्ता तपासायचा राहिलाय, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. मंडळी, खुणा सापडल्या नाहीत तर 'अजून कळलं नाही' म्हणा. त्यात लाज नाही. पण चमत्कार म्हणायच्या आधी, जो रस्ता तपासला नाही तो तपासा."

"म्हणजे संतावर विश्वासच ठेवायचा नाही?" क्लेओफासने विचारलं.

"ठेवा ना. मीही काल मेणबत्ती लावली. पण आधी हात साबणाने धुवा, दवाखान्यात जा, सुई टोचून घ्या. मग लावा मेणबत्ती, हवी तेवढी मोठी."

क्लेओफासने बेलेनचा बरा झालेला तळहात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "उचल ती फळी, पाटकऱ्या. सगळ्यांची शेतं वाट बघताहेत."

ओनेसिमोने पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उचलली. गुळगुळीत चिखलावरून पाणी पुढे सरकलं, आणि बेलेन त्याच्या बरोबरीने काठाकाठाने धावत सुटली.